मेजर लीगने एकही मॅच खेळू दिली नाही, तरी रेकॉर्डबुकात पहिलं नाव जॉश गिब्सनचं कसं?

क्रिकेटमध्ये सगळ्यात भारी बॅट्समन कोण, हा वाद पेटला की कुणीतरी ब्रॅडमनची ९९.९४ ची सरासरी काढतं आणि बरेच जण गप्प बसतात. अमेरिकेतल्या बेसबॉलवाल्यांकडे असा सगळ्यांना गप्प करणारा आकडा नाही. त्यामुळे तिथं कुणी बेब रूथचं नाव घेतं, कुणी विली मेजचं, कुणी टाय कॉबचं, आणि वाद काही मिटत नाही.

त्यात मे २०२४ मध्ये मेजर लीग बेसबॉलने आपली रेकॉर्ड्स बदलली. करिअर बॅटिंग अॅव्हरेजमध्ये वर्षानुवर्षं पहिला असलेला टाय कॉब दुसरा झाला आणि पहिल्या नंबरवर आला जॉश गिब्सन. हा माणूस १९४७ सालीच गेला होता, आणि मेजर लीगच्या एकाही टीमने त्याला कधी घेतलं नव्हतं. कारण एकच, तो काळा होता.

जॉशचा जन्म २१ डिसेंबर १९११ चा, जॉर्जिया राज्यातल्या ब्युएना व्हिस्टा गावचा. दक्षिणेतल्या वंशभेदाला आणि गरिबीला कंटाळून तेव्हा लाखो काळी कुटुंबं उत्तरेकडे निघाली होती. जॉशच्या वडिलांना पिट्सबर्गच्या स्टील कारखान्यात काम मिळालं आणि घरदारही तिकडे गेलं. पोरगा अंगापिंडाने दणकट. त्याने कारखान्यात काम केलं, एका डिपार्टमेंट स्टोअरमध्ये लिफ्टमनची नोकरी केली आणि उरलेल्या वेळात बेसबॉल खेळला.

मेजर लीगमध्ये काळ्यांना बंदी होती. गंमत म्हणजे तसा नियम कुठे लिहिलेला नव्हता. टीमच्या मालकांनी आपापसात ठरवून टाकलं होतं, आणि १८८० च्या दशकापासून ते बिनबोभाट चालू होतं. मग काळ्या खेळाडूंनी आपल्या स्वतंत्र लीग काढल्या, त्या निग्रो लीग्ज.

१९३० साली १८ वर्षांचा जॉश होमस्टेड ग्रेज या टीमकडून खेळू लागला. टीमच्या कॅचरचा हात दुखावला आणि प्रेक्षकांत बसलेल्या जॉशलाच थेट मैदानात बोलावलं, अशी एक दंतकथा सांगतात. इतिहासकार त्यावर फारसा विश्वास ठेवत नाहीत. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जे झालं ते खरं आहे. त्याची बायको हेलन जुळ्यांना जन्म देताना गेली. पोरं वाचली. मुलाचं नाव जॉश, मुलीचं हेलन. पोरं आजोळी वाढली आणि बाप बसमधून गावोगाव फिरत मॅचेस खेळत राहिला.

कॅचर म्हणजे आपल्याकडचा विकेटकीपर समजा. संपूर्ण मॅच उकिडवं बसायचं, गुडघ्यांची वाट लागते. हे काम करून वर टीमचा सगळ्यात मोठा बॅट्समन असणं सोपं नाही, जॉश मात्र दोन्ही होता. लोक त्याला काळा बेब रूथ म्हणायचे. ज्यांनी दोघांनाही पाहिलं होतं त्यातले काही उलट म्हणायचे, की रूथच गोरा जॉश गिब्सन आहे.

मधली काही वर्षं तो पिट्सबर्ग क्रॉफर्ड्सकडे होता. १९३७ मध्ये डॉमिनिकन रिपब्लिकचा हुकूमशहा त्रुहियोच्या नावाने खेळणाऱ्या टीमने सॅचेल पेज आणि जॉशसह अनेकांना पैसे मोजून तिकडे नेलं आणि ती टीम जिंकलीही. पुढे तो मेक्सिकोतही खेळला. तिथे पैसा बरा होता आणि हॉटेलात कातडीचा रंग विचारत नव्हते.

१९४३ च्या सुरुवातीला जॉश कोसळला, कोमात गेला. डॉक्टरांनी मेंदूत ट्यूमर असल्याचं सांगितलं, पण त्याने ऑपरेशनला नकार दिला. डोकेदुखी चालू, दारूही वाढलेली. आणि त्याच १९४३ च्या सीझनमध्ये त्याची अॅव्हरेज होती .४६६, म्हणजे १०० प्रयत्नांत जवळपास ४७ हिट्स. मेजर लीगच्या यादीत एका सीझनची सर्वोच्च अॅव्हरेज म्हणून आज हाच आकडा आहे. ग्रेजने त्या वर्षी आणि पुढच्या वर्षीही निग्रो वर्ल्ड सीरिज जिंकली.

ऑक्टोबर १९४५ मध्ये ब्रुकलिन डॉजर्सने एका काळ्या खेळाडूला करारबद्ध केलं. तो जॉश नव्हता, जॅकी रॉबिन्सन होता. २० जानेवारी १९४७ ला, वयाच्या ३५ व्या वर्षी जॉश गेला. १५ एप्रिल १९४७ ला रॉबिन्सन मेजर लीगमध्ये उतरला. फरक तीन महिन्यांचाही नाही.

आता आकड्यांवरच्या भांडणाकडे येऊ. जॉशची करिअर अॅव्हरेज .३७२, कॉबची .३६७. विरोधकांचं म्हणणं असं की कॉब ११ हजारांपेक्षा जास्त वेळा बॅटिंगला आला, जॉशच्या नोंदी २,२०० च्या आसपास. हा मुद्दा खोडून काढता येत नाही. पण नोंदी कमी का? कारण निग्रो लीग्जचे अधिकृत सामनेच कमी असत. पोट भरायला टीम्स गावोगावी प्रदर्शनी सामने खेळत आणि ते अधिकृत हिशेबात धरत नाहीत. शिवाय कॉब आणि रूथ यांनाही अधिकृत सामन्यांत काळ्या पिचर्सचा सामना कधी करावाच लागला नाही. त्यांचे आकडेही अर्ध्याच मैदानावरचे आहेत, हे सोयीस्करपणे विसरलं जातं.

१९७२ मध्ये जॉशला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. तिथल्या फलकावर त्याचे जवळपास ८०० होम रन लिहिलेत. मेजर लीगच्या नव्या अधिकृत नोंदीत ते २०० सुद्धा नाहीत, कारण मोजले फक्त लीगचे सामने. पिट्सबर्गच्या अॅलेगेनी स्मशानभूमीत त्याच्या कबरीवर तर १९७५ पर्यंत नावाचा दगडही नव्हता.