डॉक्टर रॉबर्ट कॉक

रॉबर्ट कॉक यांचा जन्म ११ डिसेंबर १८४३ रोजी जर्मनीतील क्लाउस्थाल या गावी झाला. शिकून ते डॉक्टर झाले व एका लहान गावात दवाखाना चालवू लागले. त्यांच्या पत्नीने त्यांना एक सूक्ष्मदर्शक भेट दिला.

त्या भागात गुरं-मेंढरं फाशी रोगाने पटापटा मरत. आमच्या इंदापूर तालुक्यातपण मेंढरं खूप, म्हणून मला वाचताना कसंतरीच झालं. रोगी तपासून झाले की कॉक घरीच मेलेल्या जनावराचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहत. त्यात काड्यांसारखे जंतू दिसत. ते त्यांनी बैलाच्या डोळ्यातील पाण्याच्या थेंबात वाढवले. या जंतूंची बीजे होतात व ती मातीत वर्षानुवर्षे टिकतात, हे त्यांनी १८७६ साली दाखवले. म्हणून फाशीने मेलेलं जनावर फाडायचं नसतं. आमच्या आजोबांना हे ठाऊक होतं, पण का ते ठाऊक नव्हतं.

पुढे मांसाचा पातळ काप पाहताना जंतू सापडेनात. कापातल्याच रेघा मधे येत. येना गावच्या आबे नावाच्या प्राध्यापकांनी खालून उजेड गोळा करणारे भिंग केले होते. कॉक यांनी ते बसवले, जंतूंना रंग दिला आणि उजेडाची वाट पूर्ण उघडली. तेव्हा रेघा पुसल्यासारख्या झाल्या व रंगीत जंतू तेवढे उरले!

आमचं उलटं झालं. गुरुजींनी कांद्याचा पापुद्रा ठेवला. मी आरसा खिडकीकडे केला तर नुसतं पांढरं फक्क. मग गुरुजींनी खालची चकती फिरवून बारीक भोक आणलं, तेव्हा विटांच्या भिंतीसारख्या पेशी दिसल्या. आम्ही कांद्याला रंग दिला नव्हता ना! (आरसा सूर्याकडे मात्र कधी धरू नये, डोळे जातात.)

२४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे कॉक यांनी क्षयाचा जंतू शोधल्याचे जाहीर केले. त्यांनी तो निळा रंगवला होता. १८९७ साली प्लेगच्या वेळी ते आपल्या मुंबईलाही आले होते. १९०५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. २७ मे १९१० रोजी ते वारले.

सूक्ष्मदर्शक खिडकीजवळच्या टेबलावर आहे. पालकांनी कांदा बघून जावे. आरशाला हात लावू नये, मी तो नीट लावून ठेवलाय.

– इयत्ता चौथी