तळघरातली रेल्वे

रेल्वेचं मॉडेल म्हटलं की चकचकीत डबे आठवतात ना? जॉन ॲलनने मात्र आपल्या डब्यांवर मुद्दाम धूळ, काजळी आणि गंज रंगवला. खऱ्या गाड्या तशाच तर दिसतात!

१९१३ मध्ये अमेरिकेत जन्मलेला जॉन पेशाने फोटोग्राफर, त्यामुळे नजर एकदम बारीक. कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरेमध्ये त्याने आधी टेबलावर मावेल एवढा छोटा लेआउट बांधला. गाड्या खऱ्यांच्या ८७ पट लहान. पुढे नव्या घराच्या तळघरात मोठी रेल्वे उभी राहू लागली, तेव्हा तो पहिला छोटा लेआउटही त्याने तिच्यातच बसवला. जमिनीपासून छतापर्यंत डोंगर, दऱ्या, पूल. जागा मोठी भासावी म्हणून आरसे. डबे ढकलायला चक्क एक डायनासोर! मासिकांत त्याचे फोटो यायचे आणि ते बघून कितीतरी हौशी मंडळी कामाला लागायची.

जानेवारी १९७३ मध्ये हार्ट अटॅकने जॉन गेला. काही दिवसांतच घराला आग लागली आणि रेल्वेचा बराचसा भाग जळाला. आज छोट्या डब्यांवर गंज रंगवणं हौशी मंडळींत अगदी कॉमन आहे. ते शिकवणाऱ्यांत जॉनचं नाव अजूनही आधी घेतलं जातं.