गेममधल्या स्पेलच्या नियमावरून भांडण होतं? काशीतल्या नागोजी काळेंनी अशा भांडणांवर पुस्तकच लिहून ठेवलंय

विश्रांतवाडीतल्या एखाद्या फ्लॅटमध्ये रविवारी पाच पोरं डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळायला बसलीत असं समजा. १९७४ साली अमेरिकेत आलेला हा गेम. एकाने स्पेल टाकून स्वतःला अदृश्य केलं. दुसऱ्याने अदृश्य माणूस दिसेल असा स्पेल टाकला. आता याला तो दिसतोय, मग वार करायला अडचण काय?

अडचण अशी, की २०१४ च्या नियमपुस्तकात अदृश्य असण्याचे दोन वेगळे फायदे दिलेत. एक, साध्या डोळ्यांना तो माणूस दिसत नाही. दोन, त्याच्यावर वार करणं अवघड जातं. दुसरा स्पेल पहिला फायदा काढून घेतो, पण दुसऱ्या फायद्याबद्दल काहीच बोलत नाही. म्हणजे समोरचा दिसतोय, तरी वार अवघडच. यावरून जगभर खेळणाऱ्यांनी डोकी फोडलीत.

आपल्याकडे मंत्राच्या अर्थावरून याहून मोठा घोळ झालाय. इंद्राने त्वष्ट्याचा मुलगा मारला. बदला म्हणून त्वष्ट्याने इंद्राला मारणारा पुत्र मागत यज्ञ केला. मंत्रात शब्द होता इंद्रशत्रू. स्वर शेवटी दिला तर अर्थ होतो इंद्राला मारणारा. सुरुवातीला दिला तर ज्याला इंद्र मारणार तो. स्वर चुकला आणि जन्माला आलेला वृत्र इंद्राच्याच हातून मेला. ही गोष्ट व्याकरण का शिकायचं हे सांगताना पतंजलीच्या महाभाष्यात येते.

पण व्याकरणाचेच नियम संदिग्ध निघाले तर? इथे आपल्या गोष्टीतला माणूस येतो. नागेश भट्ट, म्हणजेच नागोजी भट्ट. आडनाव काळे. वडिलांचं नाव शिवभट्ट, आईचं सती. घराणं मराठी, मुक्काम काशीला. जन्म सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. सिद्धांतकौमुदी लिहिणाऱ्या भट्टोजी दीक्षितांचे नातू हरी दीक्षित हे त्यांचे गुरू. प्रयागजवळच्या शृंगवेरपूरचा राजा राम हा आश्रयदाता.

व्याकरण, धर्मशास्त्र, काव्यशास्त्र, सगळीकडे त्यांनी लिहिलं. मूलबाळ नव्हतं. आपल्या ग्रंथांनाच त्यांनी मुलगा आणि मुलगी म्हटलंय. जयपूरच्या सवाई जयसिंगाने अश्वमेधाला बोलावलं, तेव्हा काशी न सोडण्याचं व्रत घेतलंय म्हणून त्यांनी नकार दिला, असंही सांगतात. राजाचं आमंत्रण आणि तेही अश्वमेधाचं. मोठ्या मानाची गोष्ट होती ती.

त्यांचं आपल्या कामाचं पुस्तक म्हणजे परिभाषेन्दुशेखर. पाणिनीची सूत्रं जवळपास ४०००, आणि एकेक इतकं आखूड की दोन-तीन शब्दांत संपतं. त्यामुळे सूत्रं कशी वाचायची याचे वेगळे नियम लागतात. त्यांना परिभाषा म्हणतात. शंभराहून जास्त परिभाषा नागोजींनी एकत्र घेऊन तपासल्या. कुठली खरंच हवी आणि कुठली उगाच मानलीय, हेही सांगितलं.

पहिलीच परिभाषा बघा. शंका आली म्हणून नियम रद्द होत नाही, जाणकारांच्या स्पष्टीकरणाने अर्थ ठरवायचा. याची गरज का पडली? पाणिनीच्या वर्णमालेच्या चौदा सूत्रांत खुणेचं अक्षर ण् दोनदा येतं, पहिल्यात आणि सहाव्यात. मग अण् म्हटलं की अ, इ, उ एवढंच घ्यायचं, की पुढे थेट ल पर्यंत जायचं? सूत्रात उत्तर नाही. परंपरेने ठरवलं, की अण् पहिल्या ण् पाशी थांबतो, फक्त एका सूत्रात दुसऱ्यापर्यंत जातो. इण् मात्र कायम दुसऱ्यापर्यंत. डंजन मास्टर तरी वेगळं काय करतो?

आणि दोन नियम एकाच वेळी लागू झाले तर? त्याचीही उतरंड आहे. आधीच्यापेक्षा नंतर सांगितलेला नियम भारी. त्याहून भारी तो, जो दुसरा नियम आधी लावला काय न लावला काय, लागूच राहतो. त्याहून भारी ज्याचं कारण शब्दाच्या आतल्या भागात आहे तो. आणि सगळ्यांच्या वर अपवाद.

अपवादासाठी पतंजलीचं उदाहरण पंगतीतलं आहे. ब्राह्मणांना दही वाढायचं आणि कौंडिण्याला ताक. आता कौंडिण्यही ब्राह्मणच. त्याला दोन्ही वाढता आलं असतं, कुणाचं काही बिघडलं नसतं. तरी त्याच्या पानात ताकच पडतं, कारण खास त्याच्यासाठी सांगितलेलं साधारण नियमाला बाजूला सारतं. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पुस्तकातही हाच नियम आहे, खास नियम साधारण नियमावर मात करतो. फक्त तिथे दही-ताक नाही.

अदृश्य माणसाचं भांडण मात्र यानेही सहज मिटत नाही. दुसरा स्पेल खास आहे खरा, पण खास काय, तर फक्त दिसणं. वाराचं काय ते त्यात नाहीच. मग पहिल्या परिभाषेकडे परत यायचं आणि जाणकाराला विचारायचं.

नागोजींचे शिष्य वैद्यनाथ पायगुंडे. आडनावावरून कळलंच असेल, तेही मराठी. त्यांनी गुरूंच्या या पुस्तकावर टीका लिहिली. टीका म्हणजे स्पष्टीकरण, ट्रोलिंग नव्हे. पाठशाळांत पुस्तक शिकवलं जात राहिलं, पण गुरूशिवाय ते उलगडणं कठीण होतं.

१८६६ साली फ्रान्झ कीलहॉर्न नावाचा २६ वर्षांचा जर्मन पुण्यात डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवायला आला. विश्रांतवाडीहून येरवड्याकडे निघालात की गाडीवर दहा मिनिटांत लागतं तेच हे कॉलेज. शिकवायला आलेला हा प्रोफेसर इथल्या शास्त्र्यांजवळ बसून शिकला. १८६८ ते १८७४ या काळात त्याने परिभाषेन्दुशेखराची संहिता आणि इंग्रजी भाषांतर मुंबईच्या संस्कृत ग्रंथमालेत छापलं. मग महाभाष्य हाती घेतलं. १८८१ मध्ये तो मायदेशी परतला आणि त्याच्या जागी रा. गो. भांडारकर आले. पुढे काशिनाथ वासुदेव अभ्यंकरांनी त्या भाषांतराची नवी आवृत्ती भांडारकर संस्थेतर्फे काढली.