धर्मानंद कोसंबी : मिटल्या डोळ्यांपुढचे ध्येय

पेणच्या कारखान्यात शाडूच्या गोळ्याला हात लावण्यापूर्वीच कारागिराच्या डोळ्यांपुढे आकार उभा असतो. त्या गणपतीशी आपला संबंध उरलेला नाही. 22 प्रतिज्ञा घेताना तो आपण सोडला. परंतु ती नजर आपल्या कामाची आहे. बुद्धघोषाचार्यांनी विशुद्धिमग्गात पृथ्वी-कसिणाची भावना सांगितली आहे, तीही मातीचीच. अरुणाच्या रंगाची माती घ्यावयाची, खडे-काड्या वेचून ती मळावयाची, तिचे सुपाएवढे किंवा परळाएवढे गोल मंडल करावयाचे आणि अडीच हातांवर बसून ते पाहावयाचे. मग डोळे मिटावयाचे. मिटल्या डोळ्यांनाही ते तसेच दिसू लागले म्हणजे उग्गहनिमित्त साधले. त्यासाठी शंभर वेळा, हजार वेळा पाहावे लागले तरी पाहावे, असे आचार्यांचे सांगणे आहे.

या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करण्यात ज्यांची उमेद खर्ची पडली, ते धर्मानंद कोसंबी 9 ऑक्टोबर 1876 रोजी गोव्यात सांखवळ येथे जन्मले. शाळेचे शिक्षण नाममात्र. घरी नारळाच्या बागा. 1897 च्या सुमारास 'बालबोध' मासिकात त्यांनी बुद्धचरित्र वाचले. गावात भिक्खू नव्हता, विहार नव्हता, पालीचे एक अक्षर शिकविणारा कोणी नव्हता. होती ती एवढी चार पाने. परंतु बुद्धाचा धम्म मुळातून शिकावयाचा, हे चित्र त्यांच्या मनात ठसले ते पुन्हा पुसले गेले नाही.

1899 च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. मागे पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी राहिली. कोसंबींचा गौरव करताना ही गोष्ट पुष्कळदा दोन ओळींत उरकतात. ते योग्य नव्हे. त्या ध्येयाची किंमत बाळाबाईंनीही मोजली.

पुण्यात संस्कृत, मग ग्वाल्हेर, मग काशी. काशीत अन्नछत्रात जेवून अध्ययन चालले. तेथून नेपाळ, बुद्धाच्या त्या भूमीत धम्माची दशा पाहून ते निराश झाले. तरीही परत फिरले नाहीत. बुद्धगया व कलकत्त्यावरून 1902 साली ते सिंहलद्वीपास पोहोचले आणि विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांपाशी श्रामणेर झाले. पुढे ब्रह्मदेशात भिक्खुजीवन व ध्यानाचा अभ्यास त्यांनी केला. सांखवळहून थेट सिंहलद्वीपाची वाट त्यांना ठाऊक नव्हती. पुढचा मुक्काम तेवढा दिसे. तेथे गेले की त्यापुढचा.

आपल्या पेण-रोह्याकडे आषाढी पौर्णिमेला वर्षावासाचा संकल्प होतो तेव्हा भाताची लावणी ऐन भरात असते. चिखलात दिवसभर वाकलेल्या उपासक-उपासिकांना रात्री ग्रंथवाचनाला बसणे किती जड जाते, हे आपण जाणतो. चार दिवस चुकले की संकल्पच मोडला असे पुष्कळजण समजतात. कोसंबींचे काम तर वर्षानुवर्षे खंडित होत राहिले.

परत आल्यावर त्यांनी चीवर सोडले. कलकत्ता विद्यापीठातील नोकरी सोडून सयाजीराव गायकवाडांनी दिलेल्या दरमहा 50 रुपयांवर महाराष्ट्रात राहून मराठीत लिहिणे पत्करले. 1910 मध्ये ते हार्वर्डला गेले. हेन्री वॉरन यांनी विशुद्धिमग्गाचे संपादन हाती घेतले होते. 1899 मध्ये ते वारले आणि काम अपुरे राहिले. ते कोसंबींनी घेतले. श्रेयावरून तेथील प्राध्यापकांशी मतभेद झाले आणि 1912 मध्ये ते परतले. मग फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकविली. पु. वि. बापट त्यांचेच विद्यार्थी. त्याच ग्रंथासाठी ते पुन्हा पुन्हा अमेरिकेस गेले. शेवटची खेप 1931-32 ची.

1937 मध्ये परळला कामगारवस्तीत त्यांनी बहुजनविहार उभारला. 'भगवान बुद्ध' या ग्रंथात त्यांनी म्हातारा, रोगी, प्रेत पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला ही कथा नाकारली आणि शाक्य-कोलियांच्या कलहाकडे बोट दाखविले. बाबासाहेबांच्या 1957 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातही रोहिणीच्या पाण्याचा तंटाच गृहत्यागाच्या मुळाशी आहे.

4 जून 1947 रोजी सेवाग्राम येथे, आजारपणात स्वेच्छेने अन्न सोडून, त्यांनी देह ठेवला. विशुद्धिमग्गाची हार्वर्डची आवृत्ती छापून आली ती 1950 साली. भारतीय विद्याभवनाने 1940 मध्ये काढलेली देवनागरी आवृत्ती मात्र त्यांच्या हयातीतच निघाली होती.