डॉ. होमी भाभा आणि डोंगरावर आदळलेली विमाने

डॉ. होमी भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत झाला. केंब्रिजला शिकलेले भाभा १९३९ मध्ये सुटीवर मायदेशी आले आणि युद्ध पेटल्याने इथेच राहिले. १९४५ मध्ये त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था उभारली. जुन्नर तालुक्यातील खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण याच संस्थेची.

जुन्नरच्या डोंगरांत जुलै १९६२ मध्ये मुंबईला निघालेले अलितालियाचे विमान वेळेआधीच खाली उतरले आणि आदळले. ९४ जण गेले. २४ जानेवारी १९६६ रोजी व्हिएन्नाला निघालेल्या भाभांच्या बाबतीतही तेच घडले. पर्वत मागे पडला, असे समजून वैमानिकाने एअर इंडियाचे विमान जिनिव्हाकडे खाली आणले आणि ते माँ ब्लाँवर धडकले. सर्व ११७ जण ठार झाले. भाभा ५६ वर्षांचे होते.

धावपट्टीवरच्या अपघातात कमरेचा पट्टा आणि जवळचे दार जीव वाचवू शकतात. पूर्ण वेगातल्या धडकेत मात्र महाधमनी क्षणात फाटते. डॉक्टरांच्या हाती काहीच उरत नाही. तिथे इलाज एकच : धडक टाळणे. जमीन जवळ येताच वैमानिकाला सावध करणारी यंत्रणा १९७० च्या दशकात विमानांत बसू लागली. ढगांतून उतरताना धडक टाळायला ती मदत करते.