रिकाम्या हातांचे गुरुजी

(कराटे म्हणजे विटा फोडणे आणि उंच लाथा मारणे, अशी अनेकांची समजूत असते. ज्यांनी ही कला ओकिनावा बेटावरून जपानच्या राजधानीत नेली, त्या गिचिन फुनाकोशी यांची समजूत मात्र वेगळी होती. स्वसंरक्षण म्हणजे काय, हे त्यांच्या जीवनातून आपल्याला समजते.)

जपानच्या दक्षिणेला समुद्रात ओकिनावा नावाचे बेट आहे. या बेटावरील शुरी या गावी १८६८ साली गिचिन फुनाकोशी यांचा जन्म झाला. दिवस पूर्ण भरण्याआधीच ते जन्मले होते. त्यामुळे ते फार अशक्त होते. हे मूल फार दिवस जगणार नाही, असे घरच्यांना वाटत होते. त्यांचे लहानपण आजी-आजोबांच्या घरी गेले. आजोबांनी त्यांना जुने चिनी ग्रंथ शिकवले.

शाळेत त्यांच्या वर्गात आझातो नावाचा एक मुलगा होता. त्याचे वडील आंको आझातो हे कराटेचे मोठे जाणकार होते. त्या काळी ओकिनावात ही कला गुप्तपणे शिकवली जाई. तिच्यासाठी शाळा नव्हती, पुस्तक नव्हते. लहान गिचिन रात्री कंदील घेऊन आझातोंच्या घरी जात आणि अंगणात मंद उजेडात सराव करत. गुरू ओसरीवर बसून पाहत. एकच प्रकार रात्रीमागून रात्र, महिनोन्‌महिने करावा लागे. तो मनासारखा जमेपर्यंत गुरू पुढचा प्रकार शिकवत नसत. कधी कधी मुलाला फार कंटाळा येई, पण त्याने सराव सोडला नाही. दोन-तीन वर्षांत त्याची प्रकृती सुधारली. पुढे आंको इतोसू हे दुसरे थोर गुरूही त्यांना लाभले.

गिचिन जे प्रकार घोटत होते, त्यांना ‘काता’ म्हणतात. काता म्हणजे एकट्याने करायच्या हालचालींचा ठरावीक क्रम. समोर शत्रू आहे अशी कल्पना करून हात अडवायचा, वळायचे, ठोसा द्यायचा, मागे सरायचे. लांबून पाहणाऱ्याला तो एखाद्या नाचासारखा वाटतो. परंतु जुन्या जाणकारांनी आपला सारा अनुभव याच हालचालींत साठवून ठेवला होता.

एक उदाहरण पाहू. फुनाकोशी नवशिक्यांना जो काता प्रथम शिकवत, त्यात एक हालचाल आहे. पुढचा पाय मागे घ्यायचा, त्याच वेळी पुढचा हात अंगाकडे ओढून गोल फिरवायचा आणि मूठ वरून खाली आणायची. ही हालचाल कशासाठी? कोणी आपले मनगट घट्ट पकडले आहे असे समजा. नुसत्या हाताच्या जोराने ते सुटत नाही. पण पाय मागे घेतला की सगळ्या शरीराचा जोर त्या ओढीला मिळतो आणि पकड सुटते. लगेच तीच मूठ हल्ला करणाऱ्यावर हातोडीसारखी उतरते. कातात एक हात पुढे जाताना दुसरा हात कमरेशी ओढला जातो. त्यालाही अर्थ आहे. समोरच्याचा हात पकडून पिरगाळायचा आणि आपल्याकडे ओढायचा, म्हणजे त्याचा तोल जातो. अर्थ कळल्याशिवाय केलेला काता म्हणजे अर्थ न समजता केलेले पाठांतर होय. म्हणूनच इतोसू यांनी १९०८ साली लिहिलेल्या एका प्रसिद्ध पत्रात, प्रत्येक हालचाल कोणत्या प्रसंगी वापरायची हे समजून घेऊन सराव करण्यास सांगितले होते.

तरुणपणी फुनाकोशी यांना डॉक्टर व्हायचे होते. ते वैद्यकीय शाळेची परीक्षाही उत्तीर्ण झाले. पण नव्या सरकारच्या नियमाप्रमाणे डोक्यावरची केसांची गाठ कापल्याशिवाय तेथे प्रवेश मिळत नव्हता. जुन्या वळणाच्या घरच्यांना ते मान्य नव्हते. फुनाकोशी यांना वैद्यकीय शिक्षण सोडावे लागले. पुढे १८८८ च्या सुमारास त्यांनी ती गाठ कापलीच आणि ते शिक्षक झाले. त्यांनी तीस वर्षांहून अधिक काळ शिक्षकाची नोकरी केली.

याच काळातील एक प्रसंग आहे. एका रात्री ते पूर्वजांपुढे ठेवण्यासाठी मिठाई घेऊन चालले होते. पाइन वृक्षांच्या दाट राईत दोन माणसांनी त्यांना अडवले. फुनाकोशी यांनी मनात आणले असते, तर दोघांनाही लोळवले असते. पण त्यांनी हात उचलला नाही. दरोडेखोरांनी त्यांना भित्रा म्हटले, तेही त्यांनी ऐकून घेतले. त्यांनी मिठाई देऊन टाकली आणि ते शांतपणे पुढे गेले. काही दिवसांनी त्यांनी ही हकिकत गुरूंना सांगितली. गुरू रागावले नाहीत. आता पूर्वजांना काय अर्पण करणार, असे आझातोंनी विचारले. मनापासून केलेली प्रार्थना, असे शिष्याने सांगितले. त्या उत्तराने दोन्ही गुरूंना अतिशय आनंद झाला.

१९२१ साली जपानचे युवराज हिरोहितो युरोपला जाताना ओकिनावात उतरले. शुरीच्या राजवाड्यात त्यांच्यापुढे फुनाकोशी यांच्या नेतृत्वाखाली कराटेची प्रात्यक्षिके झाली. पुढच्या वर्षी टोकियोत शिक्षण खात्याने क्रीडाप्रदर्शन भरवले. तेथेही फुनाकोशी यांना पाठवण्यात आले. तेव्हा त्यांचे वय पन्नासच्या पुढे होते. ज्युडोचे संस्थापक जिगोरो कानो यांनीही त्यांना आपल्या संस्थेत बोलावले. थोड्या दिवसांत परत जायचे, असे ठरवून आलेले फुनाकोशी टोकियोतच राहिले.

सुरुवातीचे दिवस फार हलाखीचे होते. ओकिनावाच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या एका वसतिगृहात ते राहत. दिवसा खोल्या झाडत, बागेची निगा राखत आणि रात्री कराटे शिकवत. खर्च भागवण्यासाठी त्यांना कपडे गहाण ठेवावे लागले. वसतिगृहाच्या स्वयंपाक्याला कराटे शिकवून त्यांनी जेवणाचे पैसे कमी करून घेतले. पत्नी मात्र पूर्वजांची भूमी सोडून यायला तयार नव्हती. दोघांना अनेक वर्षे एकमेकांपासून दूर राहावे लागले. पण शिकवण्यात खंड पडला नाही. १९२४ मध्ये केइओ विद्यापीठात कराटेचे मंडळ सुरू झाले.

फुनाकोशी यांनी कराटेवर पुस्तके लिहिली. ‘कराटे’ या शब्दाचा एक अर्थ ‘चिनी हात’ असा होता. त्यांनी उच्चार तोच ठेवून चिन्ह बदलले व ‘रिकामा हात’ असा अर्थ रूढ केला. इतोसू यांनी शाळकरी मुलांसाठी रचलेल्या पाच कातांना त्यांनी ‘हेइआन’ म्हणजे ‘शांतता’ असे नाव दिले. हे पाच काता नीट आत्मसात केले, तर बहुतेक प्रसंगी माणूस स्वतःचे रक्षण करू शकेल, असे त्यांचे मत होते. लढण्याच्या शिक्षणाला शांततेचे नाव! यातच त्यांची सारी शिकवण आली. कराटेत पहिला वार कधीही करायचा नसतो, हा त्यांचा मुख्य नियम होता.

दुसऱ्या महायुद्धाने त्यांचे फार नुकसान केले. १९४५ साली बॉम्बहल्ल्यात त्यांची ‘शोतोकान’ ही तालीम जळून गेली. त्याच वर्षी कराटेत निपुण असलेला त्यांचा मुलगा क्षयरोगाने वारला. युद्धानंतर पती-पत्नीची भेट झाली, पण १९४७ मध्ये पत्नीचेही निधन झाले.

त्याच पडत्या काळात एका रात्री ते छत्री घेऊन एकटे घरी चालले होते. वय ऐंशीच्या आसपास. अचानक एका माणसाने त्यांना लुटण्यासाठी छत्रीनेच त्यांच्यावर वार केला. म्हातारे फुनाकोशी क्षणात खाली वाकले. वार हुकला. दुसऱ्याच क्षणी त्यांनी त्या माणसाला नाजूक जागी असे घट्ट पकडले, की त्याला हलता येईना. तेवढ्यात गस्तीचा पोलीस आला. फुनाकोशी यांनी चोराला त्याच्या हवाली केले. तो माणूस युद्धावरून परतलेला बेकार सैनिक होता, असे नंतर कळले.

सत्तर वर्षांचा सराव उपयोगी पडला होता. दुसरा कोणी असता, तर त्याने ही गोष्ट अभिमानाने सांगितली असती. फुनाकोशी यांना मात्र वाईट वाटले. शिष्यांना जे करू नका म्हणून सांगत आलो, तेच आपण केले, अशी खंत त्यांनी आपल्या आत्मचरित्रात व्यक्त केली. तरुणपणी मिठाई देऊन ते जसे पुढे गेले होते, तसे या वेळी त्यांना जमले नव्हते.

२६ एप्रिल १९५७ रोजी त्यांचे निधन झाले. आज जगभर लाखो मुले-मुली त्यांनी शिकवलेले काता करतात. मनगट कसे सोडवावे, हे त्या हालचाली शिकवतात. मूठ कधी उगारू नये, हे फुनाकोशी यांचे जीवन शिकवते.

स्वाध्याय

१. काता म्हणजे काय? पाठातील एक हालचाल व तिचा उपयोग स्वतःच्या शब्दांत सांगा.
२. दरोडेखोरांना मिठाई दिल्याचे ऐकून गुरूंना आनंद का झाला?
३. टोकियोत फुनाकोशी यांना कोणते कष्ट सोसावे लागले?
४. म्हातारपणी चोराला पकडले, यात फुनाकोशी यांची चूक झाली असे तुम्हांला वाटते का? वर्गात चर्चा करा.