दंतवैद्यकीय शिक्षणाचे जनक : डॉ. रफिउद्दीन अहमद

आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान अशी चार दाने आपल्या परंपरेत सांगितली आहेत. यांपैकी औषधदान व ज्ञानदान ही दोन्ही एकाच वास्तूत, एकाच हातून घडावीत असा योग विरळाच. कलकत्त्याचे डॉ. रफिउद्दीन अहमद यांच्या आयुष्यात तो आला. ते जैन नव्हते आणि खानदेशाशी त्यांचा काही संबंध आल्याचे दिसत नाही. तथापि आज जळगाव-धुळे परिसरातील मुले-मुली बी.डी.एस. होऊन ज्या व्यवसायात प्रतिष्ठेने उभी आहेत, त्या व्यवसायाला या देशात विद्येचे स्थान मिळवून देण्याचे श्रेय प्रामुख्याने त्यांच्याकडे जाते.

एके काळी दातांची पीडा ही वैद्याकडे नेण्याची बाब मानली जात नसे. लवंग दाताखाली धरावी, मिठाच्या पाण्याने चुळा भराव्यात आणि अगदीच असह्य झाले तर आठवडे बाजारात रस्त्याच्या कडेला चादर अंथरून बसलेल्या माणसाकडून दात उपटून घ्यावा, हीच रीत. कवळीही तोच बसवून देई. दंत हा शब्द श्रावकांच्या परिचयाचा, तोही पंधरा कर्मादानांतील दंतवाणिज्य म्हणून, म्हणजे निषिद्ध अशा हस्तिदंताच्या व्यापारासाठी. युरोपात एके काळी कृत्रिम दात हस्तिदंताचेच घडवीत. सुदैवाने पुढे इतर पदार्थ उपयोगात आले आणि तो दोष टळला.

डॉ. अहमद यांचा जन्म २४ डिसेंबर १८९० रोजी पूर्व बंगालमध्ये, म्हणजे आजच्या बांगलादेशात झाला. अलीगढ येथील शिक्षण आटोपून १९०९ मध्ये ते अमेरिकेस गेले. परदेशी जाणारे त्या काळचे बहुतेक तरुण कायदा शिकून बॅरिस्टर होत अथवा सनदी नोकरीची परीक्षा देत. अहमद यांनी आयोवा विद्यापीठात दंतवैद्यकाचा अभ्यास केला व १९१५ मध्ये डी.डी.एस. ही पदवी संपादन केली. त्यानंतर १९१८ पर्यंत बोस्टन शहरातील फोर्साइथ दंतरुग्णालयात त्यांनी काम केले. गरीब घरच्या बालकांच्या दातांवर उपचार व्हावेत यासाठी दानशूर फोर्साइथ बंधूंच्या संपत्तीतून ही संस्था उभी राहिली होती. धनिकाचे द्रव्य, वैद्याचे कौशल्य आणि गरिबाचे मूल यांची गाठ कशी घातली जाते, हे त्यांना तेथे जवळून पाहावयास मिळाले.

१९१९ मध्ये ते मायदेशी परतले. कलकत्त्यात स्वतःचा दवाखाना थाटून सुखाने राहणे त्यांना सहज शक्य होते. परंतु १९२० मध्ये त्यांनी तेथे दंतवैद्यकाचे महाविद्यालय सुरू केले. भारतातील हे या प्रकारचे पहिले महाविद्यालय होय. आरंभी विद्यार्थी अगदी थोडे. शिकविणे, रुग्ण तपासणे आणि खर्चाची तोंडमिळवणी करणे ही सारी जबाबदारी मुख्यतः त्यांच्याच शिरावर होती. पैसा उभा करण्यासाठी त्यांनी जो मार्ग काढला, तो व्यापारी माणसास विशेष भावेल. ‘न्यूयॉर्क सोडा फाउंटन’ या नावाने त्यांनी सोडा व आइस्क्रीमचे दुकान काढले आणि त्याच्या उत्पन्नावर महाविद्यालय चालविले. आइस्क्रीमने दात किडतात हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? तरीही त्या गोडाच्या नफ्यातून दात वाचविणारे वैद्य घडत गेले. देणगीची वाट पाहत संस्था खोळंबून ठेवण्यापेक्षा पेढी चालवून संस्था पोसणे हे अधिक खडतर व्रत म्हटले पाहिजे.

मुंबईत नायर दंत महाविद्यालय निघाले ते १९३३ मध्ये. त्यापूर्वी आपल्या भागातून दूर कलकत्त्यापर्यंत जाऊन शिकणारे विद्यार्थी निघाले. महंमद अली जिना यांच्या भगिनी फातिमा जिना या त्यांपैकीच. मुंबईहून जाऊन त्यांनी डॉ. अहमद यांच्या महाविद्यालयात शिक्षण घेतले व १९२३ मध्ये मुंबईत स्वतःचा दवाखाना उघडला. स्त्रीने हाती अवजार घेऊन दात तपासावेत, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

केवळ महाविद्यालय काढून डॉ. अहमद थांबले नाहीत. १९२५ मध्ये त्यांनी दंतवैद्यांची संघटना बांधली, नियतकालिक सुरू केले आणि १९२८ मध्ये विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तक लिहिले. बंगालमध्ये १९३९ साली दंतवैद्यकाचा कायदा झाला आणि १९४८ मध्ये संपूर्ण देशासाठी. दोहोंमागे त्यांचे परिश्रम होते. देशव्यापी कायद्याने दंतवैद्यांची नोंदवही ठरविली, तिचे दोन भाग केले. पहिल्या भागात मान्य पदवीधारक आणि दुसऱ्या भागात पदवी नसूनही किमान पाच वर्षे याच व्यवसायावर उपजीविका केलेले. जुन्या माणसाची भाकरी एका रात्रीत हिरावली गेली नाही आणि नव्याला मात्र शिकूनच यावे लागले. कायदा करताना हा विवेक नेहमीच दिसतो असे नाही.

१९४९ मध्ये त्यांनी आपले महाविद्यालय पश्चिम बंगाल सरकारच्या स्वाधीन केले. एकोणतीस वर्षे स्वतःच्या कमाईवर वाढविलेली संस्था पडत्या काळात नव्हे, तर तिला नाव मिळाल्यानंतर त्यांनी देऊन टाकली. फाळणीने त्यांचे जन्मस्थान तोवर परदेशात गेले होते. त्यांनी कलकत्ता सोडले नाही. विश्वस्त म्हणून ज्यांनी एखादी संस्था चालविली आहे, त्यांना चालत्या संस्थेवरील हात काढून घेणे किती कठीण असते हे निराळे सांगावयास नको.

१९५० मध्ये मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्या मंत्रिमंडळात त्यांचा समावेश झाला. शेतीसारखे खाते सांभाळत १९६२ पर्यंत ते मंत्री होते. १९६४ मध्ये भारत सरकारने पद्मभूषण देऊन त्यांचा गौरव केला. ९ फेब्रुवारी १९६५ रोजी त्यांचे निधन झाले.

आता खानदेशातील विद्यार्थ्याला या शिक्षणासाठी कलकत्ता गाठावे लागत नाही. धुळ्यातच दंत महाविद्यालय आहे. चार वर्षांचा अभ्यास व एक वर्षाची आंतरवासिता पूर्ण केल्यावर विद्यार्थी बाहेर पडतो आणि त्याचे नाव दंतवैद्यांच्या नोंदवहीत चढते. कलकत्त्याच्या त्या पहिल्या महाविद्यालयाला पुढे डॉ. आर. अहमद यांचे नाव देण्यात आले.